निक्सनला शिकागोच्या पोरांनी निवडून आणलं म्हणे!

तिरसट_तात्या: काल इथे एकाने ठोकून दिलं, 1968 मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाविरोधी, केस वाढवलेल्या पोरांनी धिंगाणा घातला नसता तर रिपब्लिकन निक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला नसता. डोकंच फिरलं. अहो, पोरं ऑगस्टमध्ये पोचली. तोवर व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचा टेटचा मोठा हल्ला होऊन गेला होता, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मार्चअखेर पुन्हा उभं राहायला नकार दिला होता, एप्रिलमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतला बॉबी केनेडी, दोघांचेही खून पडले होते. आणि उमेदवारी कोणाला? एकही प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, न लढवलेल्या उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्रीला! मग पोरांनी काय आरत्या ओवाळायच्या? हिल्टन हॉटेलसमोर पोलिसांनी बघ्यांना आणि वार्ताहरांनाही झोडपलं. चौकशीच्या वॉकर अहवालाने त्याला 'पोलिसांची दंगल'च म्हटलं.

मधू_पी: तो 'एक' मीच. अहवाल तुम्ही वाचलात, मतदारांनी टीव्ही पाहिला. नंतरच्या पाहणीत बहुसंख्य लोक पोलिसांच्याच बाजूचे निघाले. निक्सन आणि हम्फ्रीत एक टक्क्याचाही फरक नव्हता. अशा वेळी दगड कोणाच्या डोक्यात पडतो?

चिकित्सक: आणि वंशभेदवाल्या तिसऱ्या उमेदवाराला, वॉलेसला, साडेतेरा टक्के मतं, दक्षिणेतली पाच राज्यं, तीही पोरांनीच दिली का? काळ्यांना हक्क मिळाल्याचा राग होता तो.

डेट्रॉइटची_सून: माझे सासरे 1969 ला डेट्रॉइटला आले. 67 च्या काळ्या वस्तीतल्या दंगलीत तिथे 43 माणसं गेली होती. जळकी दुकानं तशीच उभी होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. 'त्या लोकांनी सोन्यासारखं शहर जाळलं' हे आम्ही दर दिवाळीला ऐकतो. मी एकदा विचारलं, बाबा, 1965 चा स्थलांतराचा कायदा आला नसता तर तुम्ही इथे असता का? त्याआधी अख्ख्या भारताचा कोटा वर्षाला 100 माणसांचा होता. किंग आणि मंडळींनी देशाची हवा बदलली, म्हणून तो उठला. सासरे फराळाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

इंजिनियर_अण्णा: आमचे वडील डिग्रीच्या जोरावर आले, कोणाच्या उपकारावर नाही!!

डेट्रॉइटची_सून: 1964 मध्ये डिग्र्या नव्हत्या वाटतं?

इंजिनियर_अण्णा: सासऱ्यांचा राग आमच्यावर काढू नका.

मधू_पी: विषय शिकागो आहे हो.

चिकित्सक: राहू द्या, हेच बरं चाललंय. अण्णा, ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची लष्करभरती, ग्रीनकार्डवाल्यांनाही लागू होता, डिग्री असो नसो. माझ्या काकांना भरती बोर्डाचं पत्र आलं तेव्हा आजीने नागपुरात देव पाण्यात ठेवले होते. मतदानाचं वय 21, मरायला पाठवायचं 18 व्या वर्षी! त्या पोरांनी आरडाओरडा केला म्हणून 1971 मध्ये ते 18 झालं.

इंजिनियर_अण्णा: काका गेले का लढायला?

चिकित्सक: नाही. पीएचडीला नाव घातलं. पैसेवाल्यांच्या पोरांनीही तेच केलं, म्हणून तर गरिबाघरचीच जास्त गेली.

इंजिनियर_अण्णा: म्हणजे डिग्री कामी आली ना!

तिरसट_तात्या: मधूराव, शिकागोमुळे हम्फ्रीची चार मतं गेली असतील, घ्या, खूश व्हा. पण 30 सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीत तो उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवायचं बोलला आणि मग कुठे वर चढायला लागला. हेच ऑगस्टमध्ये बोलायला काय झालं होतं?

मधू_पी: जॉन्सनने बोलू दिलं असतं का?

तिरसट_तात्या: मग निक्सनला कोणी आणलं? पोरांनी की जॉन्सनने?

मधू_पी: दोघांनी मिळून. आता झोपा.