सोलापूरचा रस्ता काढला, पण माणसं गॅदरिंगमधली वाटतायत

रेघोटी_जुळेसोलापूर
नमस्कार. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एका संस्थेचं २४ पानी चित्रपुस्तक करतेय. मधल्या जोडपानावर सोलापूरचा एक रस्ता आहे. सूचना आली होती, "सगळे समाज दिसले पाहिजेत, कुणी सुटता कामा नये." मग काय, वहीत यादी केली आणि एकेकापुढे खूण करत सुटले. बुरखा झाला. विभूती लावलेले आजोबा झाले. गजरा माळलेली विडीवाली, फेटेवाले शेतकरी, काठीवाल्या आजी, व्हीलचेअर. शेवटी एक सरदारजीही घातले, कारण उजवा कोपरा रिकामा राहत होता.

पाठवायच्या आधी सात वर्षांच्या भाचीला दाखवलं. म्हणाली, "मावशी, हे गॅदरिंगचं आहे का?"

तेव्हापासून हात चालत नाहीये. खरंच, असं रांगेत उभं राहून, दात दाखवून नवी पेठेत कोण थांबतं? पण खुणा काढून टाकाव्यात तर कोण कोण आहे ते कळणार कसं? उर्दू शाळेतली पोर पुस्तक उघडेल आणि तिला तिच्या अम्मीसारखी एकही बाई दिसणार नाही, हेही नको. शुक्रवारी फाइल छापखान्यात जायचीय. चित्र जोडलंय. हातचं राखून बोलू नका.

खडू_फळा (निवृत्त चित्रकला शिक्षक)
चित्र मोठं करून पाहिलं. माणसं अकरा आणि चेहरा एकच. तीच टोकदार हनुवटी, तेच नाक. एका बाहुलीला अकरा वेळा कपडे बदललेस तू. भाचीची नजर चांगली आहे.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच, जड काठ्या पाहिल्या असशीलच. ध्वज सात, आणि धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. कपड्यांवरून माणूस ओळखायची सोयच नाही. नोकरीत होतो तेव्हा दर संक्रांतीला मी पोरांना तिथं वही घेऊन बसवायचो. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वहीत नुसते पांढरे ठोकळे. दुसऱ्या दिवशी एखाद्याला दिसायचं, की याची मान खांद्यातच गेलीय, त्याचे कान बाहेर आलेत, हा वजन पेलताना ओठ चावतो आणि तो पलीकडचा म्हातारा गुडघा पुरता सरळ करत नाही. तेच कर. अकराही जणांना आधी बाराबंदी घाल. तरी वेगवेगळे ओळखू आले, की मग ज्याचे त्याला कपडे दे.

यादी मात्र फाड. आपल्या चार हुतात्म्यांचंच बघ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघेही फासावर गेले. ही नावं एकत्र आली ती १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉच्या, लष्करी अमलाच्या दिवसांतून, प्रत्येक समाजातला एक असं कुणी मोजून घेतलं नव्हतं.

पूर्वभाग_अक्का
ताई, माझ्या अम्मानं तीस वर्षं विड्या वळल्या. तुमची विडीवाली डोक्यावर टोपली घेऊन उभी का आहे? विड्या बसून वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, शेजारी कात्री आणि दोरा. दारात बसायचं, कारण आत उजेड नसतो. गल्लीतल्या चौघी-पाचजणी एकत्र, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणं. अम्मा हाताकडे बघायचीच नाही. बोटं आपली चाललेली, डोळे गल्लीत खेळणाऱ्या पोरांवर, आणि मधेच एखाद्याला शिवी. ते काढा की! आणि रोजच्या कामाला गजरा कोण माळतं हो?

अजून एक, राग मानू नका. तुमच्या चित्रात सगळ्यात काळी विडीवाली आणि सगळ्यात गोरी शाळेतली बाई. डॉक्टरपण गोरा. आमच्या घरात सगळ्यात काळी मी, आणि बी.एड. पण मीच.

तीनचाकी
वरच्या कोपऱ्यातला व्हीलचेअरवाला म्हणजे मीच, असं धरून चालतो. मला ढकलतंय कोण? आणि मी हसतोय कशाला? ती खुर्ची दवाखान्यातली आहे. आपल्या रस्त्यावर हातानं फिरवायची तीनचाकी दिसते, नाहीतर मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. माझ्याकडे आधी ती होती, आता ही आहे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक काउंटरपलीकडे घाईत उभं, मी आत स्टुलावर, डोळ्याला भिंग, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. माझे पाय चित्रात आलेच पाहिजेत असं काही नाही.

शाळेच्या दाराशी रॅम्प काढलाय, तो बघून पोटात गोळा आला. घसरगुंडी आहे ती. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जागा नसेल तर मधे वळण द्या. आणि त्या आजी उजव्या पायानं लंगडतायत ना? मग काठी डाव्या हातात पाहिजे. दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला.

ऑफसेटवाला
मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकचकीत साध्या कागदावर छापणार असाल तर आत्ताच सांगतो, त्या कागदावर शाई पसरते आणि रंग स्क्रीनवर दिसतो त्याहून गडद येतो. सावळ्या चेहऱ्यांत काळी शाई बरीच पडलीय, डोळे-ओठ बुडतील. तो तपकिरी रंग मजेंटा (गुलाबी), पिवळा आणि थोडा सायन (निळा) या शाईंतून बांधा, काळी फक्त रेघेला ठेवा. प्रूफ त्याच कागदावर मागा. चकचकीत आर्टपेपरवरच्या प्रूफवर भुलू नका.

रेघोटी_जुळेसोलापूर
दोन रात्री जागले. सर, अकरा बाराबंद्या काढल्या आणि भाचीपुढे ठेवल्या. तिला चारच माणसं वेगळी ओळखता आली. उरलेल्या सात जणांचे चेहरे पुन्हा केले. त्यात एक आमच्या वाण्याचा निघाला, त्याला कळू नये म्हणजे झालं.

सरदारजी गेले. ते बिचारे कोपरा भरायलाच आले होते. तिथं आता सायकलवर चादरींचा गठ्ठा बांधणारा पोरगा आहे. बुरख्यातली बाई ठेवलीय, पण ती आता रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडतेय. एका हातात पोराचं दप्तर, आणि पोरगं तिसरीकडेच बघतंय. चित्रातली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच.

अक्का, विड्यांचं मी रिक्षातून जाता-येता पाहिलेलं, तेवढ्यावरच काढलं होतं. आता चौघी दारात बसल्यात. रंगाचं तुम्ही म्हणालात तेव्हा जुनी कामं उघडून बघितली. तीन पुस्तकं, तिन्हीत शाळेतली बाई गोरी. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. लहानपणी खडूच्या पेटीतल्या त्या गुलाबट खडूला आम्ही 'स्किन कलर' म्हणायचो, आमच्या घरात एकाचीही कातडी तशी नसताना. हात अजून तिकडेच जातो.

रॅम्पला वळण दिलं. त्यासाठी शाळेच्या पायरीवरचं कुत्रं हलवावं लागलं.

आज संस्थेतून फोन आला. बाकी सगळं आवडलं, "फक्त टीचरना जरा फ्रेश करा ना." फ्रेश म्हणजे नेमकं काय करू, असं विचारलं, तर पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, बघा तुम्ही. बघितलं, आणि तशीच फाइल दिली. उद्या प्रूफ येईल, मॅपलिथोवरच.

पूर्वभाग_अक्का
बाईंना चष्मा द्या ताई. माझा जाड आहे.