गर्दी जमवली कुणी?
'कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोकांनीच मास्क लावले नाहीत, मग सरकारला दोष कशाला?' असं दोघातिघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या बेळगावचंच बघा. आमचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनानेच गेले. त्यांच्या लोकसभेच्या जागेची पोटनिवडणूक घेतली कधी, तर 17 एप्रिल 2021 ला, दुसरी लाट चढत असताना. प्रचारसभा झाल्या, आमच्या मराठी उमेदवाराच्याही झाल्या, ते लपवायचं कारण नाही. पण तारीख जनतेने नाही, निवडणूक आयोगाने ठरवली होती.

त्याच काळात महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला आरटीपीसीआर रिपोर्टची सक्ती. निपाणी भागातली माणसं दुखण्याखुपण्याला कोल्हापूरच गाठतात. डायलिसिस करून परतणाऱ्या माझ्या मावशीला एका नाक्यावर ताटकळत ठेवलं होतं. मांडीवर फाइल, हाताला चिकटपट्टी, आणि पोलीस म्हणतोय, 'रिपोर्ट दाखवा.'

ऑक्सिजनचा कोटा केंद्र ठरवत होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने 5 मे 2021 ला केंद्राला सांगितलं की राज्याला रोज 1200 टन द्या, तर केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे स्थगिती मिळाली नाही, हे नशीब. राज्य सरकारही सुटत नाही. चामराजनगरच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनअभावी माणसं तडफडून गेली, ती त्याच आठवड्यात.

म्हणून माझं म्हणणं, पहिला जाब निवडणूक आयोगाला विचारा, मग केंद्राला, मग राज्याला. मास्क न लावणाऱ्याचा नंबर त्यानंतर.