कुवेतप्रमाणे समुद्राचे पाणी गोडे करणे कोकणातल्या गावाला परवडेल का?

खाडीकाठ (गुहागर तालुका) यांचा प्रश्न:
आमची वाडी खाडीला लागून आहे. शिमगा उलटला की विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते आणि मे महिन्यात त्यात डाळही शिजत नाही, म्हणून पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. वाडीतले बरेच जण कुवेतला नोकरीस आहेत. जिथे बारमाही नदी नाही आणि वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे घरोघर नळाला पाणी येते, मग आपल्याकडे का नाही, असे ते विचारतात. येत्या ग्रामसभेत अशा प्रकल्पाची मागणी करावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त ऑपरेटर, रत्नागिरी:
अशाच एका प्रकल्पात मी नोकरी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तेलाचा पैसा येण्यापूर्वी कुवेत शहर शत्त अल-अरब नदीतून गलबतांनी आणलेल्या पाण्यावर जगत असे. सरकारचा पहिला मोठा प्रकल्प 1953 साली शुवैख येथे सुरू झाला आणि त्याची क्षमता दिवसाला 10 लाख गॅलन होती. पुढे तिथे जी पद्धत रुळली तिच्यात समुद्राचे पाणी 90 ते 110 अंशांपर्यंत तापवतात आणि एकापेक्षा एक कमी दाबाच्या कप्प्यांतून सोडतात, म्हणजे प्रत्येक कप्प्यात त्याचा काही भाग झटकन वाफ होतो आणि ती वाफ थंड नळ्यांवर गोड्या पाण्याच्या रूपाने जमते. ही उष्णता शेजारच्या वीजकेंद्रातील टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेची असते, त्यामुळे वीज आणि पाणी एकाच इंधनावर निघतात. हे गणित जमते ते देशाच्या पोटात तेल आहे म्हणून.

शिवाय नुसते ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेले, पाणी पिण्यालायक नसते. त्याला चव नसते आणि ते लोखंडी नळ खाते, म्हणून त्यात थोडे खारट भूजल मिसळून मगच ते पुढे सोडतात. नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसू नये म्हणून पाण्याबरोबर स्पंजाचे गोळे सतत फिरवावे लागतात, आणि समुद्रातून पाणी घेणाऱ्या जाळ्यांवर शेवाळ किंवा जेलीफिश अडकले की रात्री-अपरात्री धावावे लागते. 1991 च्या युद्धात समुद्रात तेल सांडले तेव्हा आखाती देशांना सर्वांत मोठी धास्ती पाणी घेणाऱ्या याच तोंडांची होती. कुवेतला दुसरा मार्ग नाही, म्हणून तो देश हे सगळे सोसतो.

भूजल अभ्यासक, चिपळूण:
वरील प्रतिसादाला जोडून मूळ दुखण्याबद्दल लिहितो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि विहिरीतील पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर साधारण चाळीस फूट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा अर्थ असा की उपशाने ती पातळी एक फूट उतरली तर खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ शकते. खाडीकाठी एकामागून एक बोअर मारल्या की विहिरी मचूळ का होतात, ते यावरून कळेल.

आपल्याकडे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु जांभ्यातून तो झिरपून चार महिन्यांत समुद्राला मिळतो. पन्नास चौरस मीटरच्या कौलांवर दर पावसाळ्यात दीड लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी माणशी दहा लिटर धरले तरी तीन महिन्यांना साडेचार हजार लिटर पुरतात. एवढी झाकलेली टाकी प्रत्येक घरी बांधता येते. मी ग्रामसभेत प्रथम टाक्या, वहाळांवर बंधारे आणि नव्या बोअरवर बंदी मागितली असती.

खाडीकाठ:
आपले म्हणणे पटते. परंतु टाक्या होईपर्यंत काय करायचे? शिवाय आमच्यापैकी काहींची घरे इतकी लहान आहेत की टाकीला जागाच नाही. त्यांच्यासाठी लहान यंत्र बसवता येईल का?

निवृत्त ऑपरेटर, रत्नागिरी:
येईल, पण समुद्राचे पाणी त्यात घालू नका, मचूळ विहिरीचे घाला. पडद्यातून दाबाने पाणी गाळण्याच्या पद्धतीत दाब क्षारांवर अवलंबून असतो. समुद्राच्या पाण्याला साठ-सत्तर बारपर्यंत दाब लागतो आणि मोठ्या, नव्या प्रकल्पातही हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाते. मचूळ पाण्याचे काम त्याच्या अंशभर दाबावर भागते. उपसा मात्र बेताचा ठेवा, नाहीतर भूजलाबद्दल वर लिहिले आहे तेच होईल. पडदे बदलण्याचा खर्च आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचा पगार पाणीपट्टीतून कसा निघेल, ते आधी ठरवा, कारण यंत्र अनुदानातून मिळते, पडदे मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट ठरावातच लिहून घ्या. यंत्रातून उरणारे जास्त खारे पाणी ओहोटीला बायका जिथे तिसऱ्या आणि कालवे (खाण्याचे शिंपले) काढतात, त्या चिखलात सोडायचे नाही. ते नळाने मुख्य प्रवाहापर्यंत न्यावे आणि भरती ओसरू लागल्यावरच सोडावे.