हायवेच्या कडेला शाळा अन् घरकुलं: आवाजाचं काय करा लागते?

कपाशीवाला
राम राम मंडळी. आमचं गाव बडनेरा-मूर्तिजापूर पट्ट्यातलं, नॅशनल हायवे 53 गावाला लागूनच. आता ग्रामसभेत विषय आला की रोडलगतच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर जिल्हा परिषद शाळेच्या चार नव्या खोल्या, अंगणवाडी अन् घरकुलाची लाईन टाकायची. जागा फुकट, रोड टच, म्हणून बहुतेक लोक हो म्हणून बसले. मी सदस्य हाय अन् मले हे पटत नाई. माही आई रोडच्या घरात राहते, रात्री रिकाम्या ट्रकची फळकी खडखडली की उठून बसते. सरपंच म्हणतात कडेनं झाडं लावू, आवाज थांबते. खरंच थांबते का? कोणाले माहीत असन तर नीट सांगा, पुढच्या ग्रामसभेत बोलायचं हाय.

रोडवाला_अभियंता
भाऊ, एका लाईनीच्या कडुनिंबानं आवाज थांबत नाही. पलीकडचं काहीच दिसू नये इतकी दाट अन् उंच झाडी साठेक मीटर रुंद असेल तर 10 डेसिबलच्या (आवाज मोजायचं माप) आसपास फरक पडतो, तेवढी जागा कोण सोडते? झाडं लावाच, सावलीसाठी अन् धुळीसाठी, पण त्यांच्या भरवशावर शाळा नका बांधू.

खरं काम अंतर करते. रोडपासूनचं अंतर दुप्पट झालं की 3 डेसिबल कमी होतात, मधात नांगरलेलं वावर असेल तर साडेचारपर्यंत. म्हणजे 50 मीटरवरची शाळा 200 मीटरवर नेली तर 6 ते 9 डेसिबल गेले, आणि 10 कमी झाले की कानाले आवाज अर्धा वाटतो. नियमात राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 अन् रात्री 45 ची मर्यादा आहे, शाळेभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र, तिथं दिवसा 50. पण फलक लावून फार तर हॉर्न बंद होईल, टायरचा आवाज कसा बंद होईल?

अजून एक, हायवेच्या मध्यापासून 40 मीटरची इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) अन् 75 मीटरची नियंत्रण रेषा (तिच्या आत परवानगीशिवाय बांधकाम नाही) असते, ते आधी मोजून घ्या. रोडच्या अंगाला गोदाम, वजनकाटा, दुकानं, बाजार ओटे येऊ द्या, ज्याले आवाजानं फरक पडत नाही ते. सलग बांधकाम झालं तर मागच्या घरांले तीच भिंत होते. फक्त मधात बोळ सोडू नका, फटीतून आवाज सरळ आत येतो.

झेडपी_ताई
मी शिक्षिका आहे, आमची शाळा अशीच रोडवर. पहिलीच्या पोरांना अक्षरांचे आवाज शिकवायचे असतात, "त" अन् "थ" मधला फरक ट्रक गेला की ऐकूच येत नाही, मग मी ओरडते आणि संध्याकाळी घसा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं वर्गात 35 डेसिबलच्या वर आजूबाजूचा आवाज नको असं 1999 मध्येच सांगितलंय. जागा बदलता आलीच नाही तर निदान नकाशा बदला: स्वयंपाकखोली, स्टोअर रोडच्या बाजूला, तिकडची भिंत बिनखिडकीची, वर्गाची दारं-खिडक्या अन् व्हरांडा उलट्या दिशेला. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, म्हणून आधीच विचार करा. आणि लेकरांना हायवे ओलांडावा लागणार असेल तर तो प्रश्न आवाजाहून मोठा आहे.

वावरवाला
ताईंचं बरोबर हाय. पण गावठाणाच्या मागं रिकामी जागा हाय का ते पाहा, नाहीतर घरकुलवाल्यांना पुन्हा दोन वर्षं थांबा लागते. गरिबांना रोडच्या कडेची जागा अन् पैसेवाल्यांचं लेआउट आतमध्ये, हे आमच्याकडं झालं, मले फार वाईट वाटते. तलाव खोल करायचं काम चालू असन तर निघालेल्या मुरुमाचा लांबलचक बांध रोडच्या बाजूनं टाका. ट्रक दिसेनासा होईल एवढा उंच बांध असला तर 5 डेसिबल तरी कमी होतात. पेंचजवळ नॅशनल हायवे 44 वर जंगलातल्या जनावरांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या केल्या, मंग आपल्या लेकरांसाठी मातीचा बांध तरी मागू.

कपाशीवाला
सगळ्यांचे आभार. मागं नाल्यापलीकडं ई-क्लासचाच एक तुकडा हाय, पण पांदण रस्ता पावसाळ्यात बंद पडते म्हणून कोणी नाव घेत नव्हतं. आधी पांदणीचं खडीकरण अन् नाल्यावर एक रपटा (ठेंगणा पूल), मंग शाळा अन् घरकुलं तिकडं, रोडकडं गोदाम अन् बाजार ओटे, असा ठराव मांडतो. सोमवारी तलाठी भाऊंकडून नकाशा घेतो, टेप घेऊन मोजतो, अन् रात्री अकराले दोन्ही जागी अर्धा-अर्धा तास बसून ऐकतो. आईलेही नेतो.