मदत हवी आहे: मचूळ पाणी, दमट हवा आणि दोन मुलींचे दोन तऱ्हेचे केस

नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही पुण्याहून वेंगुर्ल्याजवळच्या मूळ गावी राहायला आलो आणि तेव्हापासून मुलींच्या केसांचे तंत्र बिघडले आहे. थोरलीचे केस सरळ, बारीक व लवकर तेलकट होणारे आहेत. धाकटीचे दाट कुरळे असून टाळूचे तेल वळणांवरून खाली सहज उतरत नसल्यामुळे त्यांची टोके कायम कोरडी राहतात आणि विंचरताना तुटतात.

विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका केसांवर बसतो, म्हणून साबण बंद केला. शिकेकाई-रिठ्याने थोरलीला फरक पडला. धाकटीचे केस मात्र अधिकच राठ झाले. सासूबाई न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावतात, आणि ते केसांत मुरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते हे खरे असल्याने मी वाद घालत नाही (घातला तरी जिंकणार नाही).

खरी अडचण पावसाळ्याची आहे. ओला केस ताणाने लवकर तुटतो हे ठाऊक असूनही शाळेच्या घाईत धाकटीच्या ओल्याच वेण्या घालाव्या लागतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कुरळ्या केसांच्या मंडळींनी कृपया सांगावे: आठवड्यातून किती वेळा न्हावे, जास्वंदीच्या पानांचा गर किती वेळ ठेवावा, आणि शेवटी साठवलेल्या पावसाच्या पाण्याने केस धुतल्याचा कोणाला उपयोग झाला आहे का?