भिंतीकडे बघत बसलेला पेशंट: फिट ओळखायची कशी?

डिचोली_रात्रपाळी:
स्टाफ नर्स म्हणून दीड वर्ष झालं. परवा पहाटे ३ च्या सुमारास मेल वॉर्डातला एक पेशंट उठून बसला. नजर भिंतीवर, ओठ चाटतोय, चादर खुडतोय. हाक मारली तर ओ नाही. मला वाटलं झोपेत असेल. दोनेक मिनिटांनी 'बाथरूम कुठे' म्हणून तीनदा विचारलं. मी 'कन्फ्यूज्ड' लिहून मोकळी. राउंडला डॉक्टर म्हणाले, "सुरुवात कशी झाली? कुठला हात?" मी गप्प. माझ्या डोक्यात फिट म्हणजे तोंडाला फेस आणि हातपाय झाडणं. बाकीच्या कशा ओळखता?

जुनी_सिस्टर_फोंडा:
अगो बाय, ती फिटच. फोकल, भान हरपलेली. २०१७ च्या वर्गीकरणाआधी आम्ही कॉम्प्लेक्स पार्शियल म्हणायचो, जुन्या केसपेपरवर तेच सापडेल. मेंदूच्या एका बाजूला सुरू होते ती फोकल, दोन्हीकडे एकदम ती जनरलाइज्ड. फोकल पसरली की अंगभर झटके येतात, आणि तू धावत पोचेस्तोवर दोन्ही सारख्याच दिसतात. शेजारच्या खाटेवाल्याला विचार, त्याने सुरुवात पाहिलेली असते.

नाव शोधत बसू नको. आधी घड्याळ बघ. कुशीवर कर, ऑक्सिजन लाव, शुगर तपास. तोंडात चमचा घालायचा नाही. चप्पल हुंगवायला कोणी आलंच तर गोड बोलून बाजूला काढ. मग बघ मान, डोळे कुठे वळले, कुठला हात आधी. अंगभर झटके ५ मिनिटं चालले की स्टेटस, म्हणजे आपणहून न थांबणारी फिट. पण डॉक्टरांना आधीच हाक मार, फिट थांबवायचं लोराझेपाम काढून ठेव.

डोळे घट्ट मिटलेले, मान नाही-नाही हलतेय, तर मानसिक कारणाची असू शकते. 'नाटक' असं मात्र लिहू नको. मी एकदा लिहिलं होतं. त्याच मुलीला आठवड्यात जीभ चावून खरी फिट आली.

आणि आपल्याकडचं एक. पाय मोडून आलेला धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी घामेजतो, थरथरतो. दारू अचानक बंद झाली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दाखल करतानाच विचार, शेवटची फेणी कधी? बायकोसमोर खरं सांगत नाहीत. तिला आधी औषधं आणायला धाड.

बालविभाग_मडगाव:
पोरांतली ऍब्सन्स वेगळी. बोलता बोलता थांबतं, पापण्या फडफडतात, १०-१५ सेकंदांत पुन्हा पहिल्यासारखं. नंतर गोंधळ नसतो, तुझ्या पेशंटला होता. शाळेत 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खातात बिचारी. माझ्या भाच्याची तर तिसरीच तऱ्हा: सकाळी पाव-चहा घेताना हाताला झटका, कप उडायचा, भान शाबूत. मायोक्लोनिक निघाली. घरात त्याला वर्षभर वेंधळा म्हणत होतो, मीसुद्धा.

डिचोली_रात्रपाळी:
काल पुन्हा आली. १ मिनिट ४० सेकंद. उजवा हात चादर खुडत होता, डावा पिळवटून ताठ. पाहिलं तसं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, ताठ हाताच्या उलट बाजूला शोधू, उजव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग). एमआरआय सांगितलाय. सिस्टर, त्याने लगेच पाणी मागितलं, मी दिलं नाही. बरोबर ना?

जुनी_सिस्टर_फोंडा:
बरोबर. नीट जागा होऊन नाव-गाव सांगू दे. मग बसवून, आधी चमचाभर.