सागरी इतिहासलेखनाकडे वळणाऱ्या भाचीसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची सोलापुरात इतिहासात एम.ए. करते आहे आणि पुढे मराठा आरमारावरच लिहायचे, हे तिने मनाशी पक्के केले आहे. १७५६ साली विजयदुर्गापाशी मराठ्यांचेच आरमारप्रमुख असलेल्या आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. असे का घडले, या एका प्रश्नावर तिने वह्याच्या वह्या भरल्या आहेत आणि नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, तोफा डागणारी गुराब, वल्ह्यांवर धावणारे गलबत अशी रेखाचित्रे समासात काढली आहेत. तिची तळमळ पाहून तिला योग्य वाट सापडावी, असे फार वाटते.

मोडी ती शिकते आहे. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद सलग वाचता येतील इतका सराव कोठे मिळेल? पणजीच्या पुराभिलेखागारासाठी आधी पोर्तुगीज शिकावी, की मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांपासून सुरुवात करावी? नुसत्या लेखनावर चरितार्थ चालणे अवघड, म्हणून प्राध्यापकी सांभाळून लिहावे असे माझे मत आहे. या क्षेत्रात लेखन करणाऱ्यांनी पहिले पुस्तक येईपर्यंतची वर्षे कशी निभावली, हे कृपया सविस्तर कळवावे.